ज्यूस निम्मा झाला तेव्हा: ‘विक’मधल्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

तुम्हाला मराठी येत नाही, तरी मराठीतच लिहिते आहे. अमेरिकेत लहान मुलं वाढवणाऱ्या आमच्यातल्या आयांपर्यंत तुमचं सांगणं पोचावं, म्हणून.

विक (WIC) म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या गरोदर बायका, नव्या आया आणि लहान मुलांसाठीची अमेरिकी सरकारची पोषण योजना. २०२४ च्या नव्या नियमांनी विकमध्ये मुलांना मिळणारा ज्यूस महिन्याला १२८ औंसांवरून ६४ औंसांवर (एक औंस म्हणजे साधारण ३० मिली) आणला. आमच्या राज्यात हा बदल लागू झाला तेव्हा मी रागातच तुमच्यासमोर बसले. खर्चाला आधीच ओढाताण, त्यात मुलाच्या वाट्याचंच कमी झालं! ‘नियम आहे’ एवढं म्हणून तुम्ही मोकळ्या झाला नाहीत. बाहेर रांग होती, तरी माझं सगळं ऐकून घेतलंत.

मग कागदावर हिशेब मांडलात. २००९ च्या बदलांपूर्वी मुलांना २८८ औंसांपर्यंत ज्यूस मिळायचा, म्हणजे रोज साधारण साडेनऊ औंस. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मर्यादा मात्र १ ते ३ वर्षांच्या मुलांना दिवसाला ४ औंस, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ज्यूस नकोच. शंभर टक्के फळांचा असला तरी ज्यूसमध्ये साखर राहते, चोथा जातो. पोट भरतं आणि मूल जेवायला बघत नाही. हे शेवटचं तर मी घरी रोज पाहत होते. ज्यूस नको असेल तर त्याऐवजी ताज्या फळं-भाज्यांसाठी ३ डॉलर घेता येतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. विकच्या खरेदीच्या कार्डावर ते आपोआप दिसत नाही. कुणीतरी सांगावं लागतं.

दुधाचंही तसंच. दोन वर्षांपर्यंत साय असलेलं, पुढे कमी स्निग्धांशाचं, आणि ते का, हे तुम्ही सोपं करून सांगितलंत. दुधानेच पोट भरलं तर लोह देणारं अन्न मागे पडतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

वॉशिंग्टनमधला नियम दुकानातली टोपली बदलतो. पेल्यात काय ओतायचं, ते घरी ठरतं, आणि तिथपर्यंत तो नियम तुमच्यासारखी माणसंच पोचवतात, असं मला ठामपणे वाटतं. आता मुलगा तहान लागली की पाणी मागतो. ज्यूस असतो, पण थोडासा आणि जेवणासोबत.

मॅडम, तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. धाकटीला वर्ष झालं की तिच्या दुधाचं विचारायला येईनच.

तुमची ऋणी,
दोन मुलांची आई