पोडावरच्या त्या संध्याकाळीबद्दल

आदरणीय बाईंना,
सविनय नमस्कार.

हे पत्र मी तुमच्या हातात आणून देऊ शकले असते, तरी ते उघडपणे लिहीत आहे, कारण डी.एल.एड. या शिक्षक-प्रशिक्षणाच्या आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या सरावासाठी, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांमधील शाळांत गेलेल्या आणि ‘लहान मुलांसोबतचे हे काम आपल्याला जमेल का’ या विचाराने झोप उडालेल्या मुली मला आजही भेटतात आणि त्यांच्याशी बोलताना मी दर वेळी तुमच्याबद्दल, त्या शाळेतल्या अंगणवाडी सेविकेबद्दलच, सांगू लागते. तुमचे नाव मात्र लिहीत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही हे मला ठाऊक आहे.

मी या वाटेला कशी आले, ते तुम्हाला कधी सांगितले नव्हते. बारावीचा निकाल लागला तेव्हा आत्या म्हणाली, “पोरीच्या जातीले मास्तरकी बरी,” आणि बाबांनी अर्ज भरला. मला लहान मुले आवडतात का, हे कोणी विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नाही. त्यामुळे दुसऱ्या वर्षी पहिलीच्या वर्गासमोर उभी राहिले तेव्हा हे काम मी निवडले आहे की माझ्यासाठी ते ठरवून टाकले गेले आहे, हेच मला कळत नव्हते. त्यातच भरतीची चिंता होती. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा द्यायची, त्यानंतर अभियोग्यता चाचणी द्यायची, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जागा निघण्याची वाट पाहायची, आणि एवढे करून निवड झालीच तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून १६,००० रुपये मानधनावर काढायची, हा हिशेब आम्ही मैत्रिणी रोज मांडत असू. मनाची ओढच नक्की नसेल तर एवढी वाट कशासाठी पाहायची, असे मला वाटत असे.

दिवाळीनंतरच्या त्या दिवसाबद्दल लिहिणे मला अजूनही जड जाते. कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, म्हणजे पोडावरून, येणारा तो मुलगा रोज दाराजवळ, तुमच्या अंगणवाडीच्या खोलीकडे तोंड करून बसत असे. फळ्यावरचे अक्षर दाखव, असे मी त्याला तीनदा सांगितले आणि तो तिन्ही वेळा गप्प राहिला. तेव्हा मी त्याचा दंड धरून त्याला ओढून उभे केले आणि त्याच्यावर ओरडले. त्याची चड्डी ओली झाली, वर्ग हसला, आणि मी तिथेच थिजले. तुम्ही व्हरांडा ओलांडून आलात, पेटीतली कोरडी चड्डी त्याला घातलीत आणि मला एवढेच म्हणालात, “हे तूच धू. अन् संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन काय झालं ते तुह्या तोंडानं सांग.”

त्या वेळी मला तुमचा राग आला होता. कोणीतरी ‘होते असे कधी कधी’ म्हणून माझी समजूत घालावी, अशी माझी अपेक्षा होती, आणि तुम्ही मला तुरीच्या शेतांमधून तीन किलोमीटर चालत पोडावर पाठवलेत. भाषेची अडचण येईल म्हणून तुमच्या अंगणवाडीतल्या मदतनीसताईंना सोबत दिलेत, कारण त्या त्याच पोडावरच्या. त्याची आई नुकतीच कापसाच्या वेचणीवरून परतली होती. मी जे केले ते मी सांगितले आणि ताईंनी ते कोलामीत सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने एकच प्रश्न विचारला. ताई म्हणाल्या, “ते विचारते, उद्या पाठवू का?”

बाई, त्या प्रश्नाला उत्तर देताना मला आवाज फुटत नव्हता. आणि त्याच वेळी अंगणात तो मुलगा शेळीच्या दोन पिल्लांशी एकसारखा बोलत होता, त्यांना दटावत होता, हसत होता. माझ्या वर्गात चार महिने ज्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता आणि ज्याच्या नावापुढे मी वहीत ‘मंद’ असे लिहून ठेवले होते, तो हाच मुलगा होता.

१९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेवर मी परीक्षेत उत्तर लिहिले होते. शिक्षण मातृभाषेतून व्हावे, हे त्या परिषदेने सांगितलेले सूत्र मला तोंडपाठ होते आणि त्याचे गुणही मिळाले होते. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा आहे, तिचा मराठीशी जवळचा संबंध नाही, हेही मी कुठेतरी वाचलेले होते. तरीही ती बोलणारा सहा वर्षांचा मुलगा माझ्यासमोर बसला तेव्हा यातले काहीच मला आठवले नाही. पुढच्या आठवड्यात मदतनीसताईंना विचारून आम्ही वर्गातल्या चित्रांखाली शेळी, पाणी, कापूस यांची कोलामी नावे देवनागरीत लिहिली, तेव्हा त्यातले दोन उच्चार त्याने माझ्याकडून सुधारून घेतले. आंतरवासिता संपेपर्यंत त्याला बारा अक्षरे ओळखता येऊ लागली होती. सलग वाचन त्याला अजून जमत नव्हते.

पोडावरून परतल्यावर मी अभ्यासक्रम सोडते म्हणाले, तेव्हा तुम्ही जे बोललात त्यासाठी खरे तर हे पत्र आहे. “तुले रडू आलं हे बरं झालं, पण तुह्या रडण्यानं त्याचं काय भलं होते? उद्या त्याच्याजवळ बस,” असे तुम्ही म्हणालात. आणि थोडे थांबून, “मले अठ्ठावीस वर्सं झाले. अजूनही दरसाल नवं पोरगं आलं का भेव वाटते.” इतकी वर्षे मुलांमध्ये काढलेल्या बाईला भीती वाटू शकते, हे मला तोवर कोणत्याही प्राध्यापकांनी सांगितले नव्हते. मला वाटत असे की ज्यांना हे काम जमते त्यांच्या मनात शंका उरतच नाही, आणि माझ्या मनात ती आहे म्हणजे मी चुकीच्या जागी आले आहे.

त्यानंतर शाळेची घंटा होण्याआधीचा अर्धा तास मी तुमच्या खोलीत येऊन बसू लागले. वजनकाट्यावर मूल धरायला तुम्ही मला शिकवलेत, कुपोषण ओळखायला दंडाच्या घेराची पट्टी कशी लावायची ते दाखवलेत. कोणाची आई पहाटेच वेचणीला गेली आहे आणि कोण उपाशी आले आहे, हे तुम्ही गाणे सुरू करण्यापूर्वी ओळखत होता. हे सगळे करून तुम्ही पुन्हा मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नोंदी भरत बसत होता. देशात अंगणवाडीची ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि इतक्या वर्षांनंतरही तुमच्या हाती पडणाऱ्या पैशाला वेतन न म्हणता मानधनच म्हणतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले तेही २०२२ साली.

मी टीईटी उत्तीर्ण झाले आहे. जागा कधी निघतील ते माहीत नाही, आणि आत्या आता तलाठ्याच्या परीक्षेचा आग्रह धरते. मी तिला नाही म्हटले आहे. हे ‘नाही’ मात्र माझे स्वतःचे आहे आणि ते म्हणण्याचे बळ मला तुमच्याकडून मिळाले, म्हणून मी तुमची ऋणी आहे.

तो आता तिसरीत आहे आणि माझी आठवण काढतो, असा तुमचा निरोप मिळाला. तान्ह्या पोळ्याला मी येत आहे. त्याच्यासाठी आमच्या गावच्या सुताराकडून लाकडी बैल करून घेतला आहे. चाके बसवायची तेवढी राहिली आहेत. त्याच्या आईलाही भेटायचे आहे, तेव्हा मदतनीसताईंना त्या दिवशी थोडा वेळ काढून ठेवायला सांगावे.

आपली कृतज्ञ,
त्या वर्षीची आंतरवासिता विद्यार्थिनी