प्रतिजैविकांच्या विक्रीबाबत सभासदांस स्मरण

कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील सर्व सभासद औषधविक्रेत्यांस कळविण्यात येते की, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविषयीचा जागतिक जागृती सप्ताह १८ ते २४ नोव्हेंबर या काळात असून, त्याआधी प्रत्येकाने एच-१ अनुसूचीची (काही प्रतिजैविकांसह, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकावयाच्या ठरावीक औषधांच्या सरकारी यादीची) नोंदवही तपासून घ्यावी. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या नियमानुसार डॉक्टर व रुग्णाचे नाव, औषध आणि नग लिहून ती ३ वर्षे जपावी लागते.

सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते, त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नाही. तरीही ओळखीखातर दोन-चार गोळ्या सुट्ट्या देण्याची सवय आपल्या पेठांत जुनी आहे. ती सोडावीच लागेल, कारण अपुऱ्या मात्रेतून तगलेले जंतू पुढे त्याच औषधाला दाद देत नाहीत. म्हशीसाठी प्रतिजैविक इंजेक्शन मागणाऱ्यांकडूनही पशुवैद्यांची चिठ्ठी घ्यावी.