एंटर दाबलं तरी ओवी तुटत नाही आता, ताई थँक्यू

ताई, नमस्कार.

मेसेजवर तुम्हाला "थँक्यू ताई" लिहिलं होतं, तुम्ही अंगठा पाठवला आणि विषय तिथंच संपला, पण आमच्या मनातून काही तो संपेना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहायलोय. आणि दुसरं म्हणजे मराठीत लिहायचे एडिटर बनवणारी पोरं आता नांदेडला आहेत, लातूरला आहेत, आंबाजोगाईला आहेत, तुम्ही जे मला रात्री फोनवर समजावून सांगितलं ते त्यांच्या पण कामाला यावं.

बाकीच्यांना माहीत नसंल म्हणून सांगतो. आम्ही काही जण परभणी-गंगाखेड पट्ट्यातल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून टाइप करायलोत. गंगाखेड म्हणजे जनाबाईंचं गाव, तिथं दळता-कांडताना गाणं काय असतं हे मी वेगळं सांगायला नको. बाया भरभरून सांगतात. अडलं होतं ते टाइप करायच्या पानावर. एडिटर प्रोझमिरर या लायब्ररीवर, म्हणजे एडिटर बनवायच्या तयार कोडवर उभा केलेला, कोडमिरर हा कोड लिहायचा एडिटर बनवणाऱ्या मराइन हावरबेकेचीच ही दुसरी लायब्ररी. लायब्ररी एक नंबर आहे, पण जशी मिळते तशी वापरली तर ती गद्य लेख डोळ्यांसमोर ठेवून चालते, एंटर म्हणजे नवा परिच्छेद. ओवीला हे चालत नाही. आमच्याकडं बहुतेक ओव्या दोन ओळीत लिहितात आणि त्या दोन ओळी मिळून एक जीव असतो, त्यांचे दोन परिच्छेद झाले की शोधताना एक ओळ सापडते आणि तिची जोडीदारीण हरवते.

सगळे म्हणाले शिफ्ट-एंटर शिकवा लोकांना, त्यानं परिच्छेद न तुटता नुसती ओळ बदलते. तुम्ही एकट्या म्हणालात की थांबा, आधी मला सांगा टाइप कोण करायलंय आणि कशावर. या एका प्रश्नासाठी मी तुमचे पाय धरावे तेवढे कमी आहेत. कारण उत्तर असं होतं की निम्म्याहून जास्त ओव्या बाया आणि त्यांच्या सुना-लेकी मोबाइलवर टाइप करतात, आणि मोबाइलच्या कीबोर्डवर शिफ्ट-एंटर दाबून दाखवा बरं कोणाला. तिथं एंटर एकच आहे. मग तुमचं म्हणणं असं की दाबलेली की बघूच नका, दाबणाऱ्याला काय पाहिजे ते बघा, ओवीच्या आत आहे तर त्याला पुढची ओळ पाहिजे, आणि रिकाम्या ओळीवर परत एंटर दाबलं तर त्याची ओवी संपली, आता नवी पाहिजे.

हे कोडमध्ये कसं बसतं ते तुम्ही ज्या शांतपणे सांगितलं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. प्रोझमिररमध्ये प्रत्येक कमांड म्हणजे एक साधं फंक्शन, जमलं तर ट्रू देतं, नाही जमलं तर फॉल्स देतं आणि मग पुढच्या कमांडची पाळी येते. त्यांच्या बेस कीमॅपमधल्या, म्हणजे कोणती की दाबली की काय करायचं त्या मूळ यादीतल्या, एंटरला अशा चार कमांड ओळीनं लावलेल्या आहेत, पहिली बघते आपण कोड ब्लॉकमध्ये आहोत का, तसं असंल तर नुसती नवी ओळ टाकते, आणि कोणालाच काही जमलं नाही तर शेवटची येऊन ब्लॉकचे दोन तुकडे करते. ते तुकडे करणंच आमच्या ओवीच्या मुळावर आलं होतं. तुम्ही सांगितलं त्यांचा कीमॅप तोडू नका, त्याच्या आधी आपली एक कमांड उभी करा. कर्सर ओवीच्या आत असंल तर हार्ड ब्रेक, म्हणजे त्याच परिच्छेदात नुसती ओळतोड, टाकायचा आणि ट्रू द्यायचं, मागं आधीच हार्ड ब्रेक असंल तर तो काढून नवी ओवी सुरू करायची, आणि ओवीच्या बाहेर असंल तर गुपचूप फॉल्स देऊन बाजूला व्हायचं. प्लगिनच्या यादीत आपला कीमॅप बेसच्या वर पाहिजे कारण आधी आलेल्याला आधी विचारतात. बस, एवढंच. शिफ्ट-एंटर पण चालूच ठेवलं, लॅपटॉपवर ज्यांच्या बोटात ते बसलंय त्यांचं कशाला हिसकावून घ्यायचं.

इथंच एक बारीक गोष्ट तुम्ही आधीच सांगून ठेवली होती ती फार उपयोगाला आली. परिच्छेदाच्या अगदी शेवटी एकच बीआर टॅग (वेबपानात ओळ तोडायची खूण) असंल तर ब्राउझर ती नवी ओळ दाखवतच नाही. प्रोझमिरर टाइप करताना आपल्या पदरचा एक जास्तीचा बीआर तिथं ठेवतं म्हणून कर्सर खाली गेलेला दिसतो, पण सेव्ह केलेल्या मजकुरात तो जास्तीचा नसतो. म्हणजे एडिटरमध्ये दिसलेली शेवटची मोकळी ओळ वाचायच्या पानावर गायब. आमच्या एका ताईंना वाटलं आपली ओळ उडाली, त्यांनी फोन केला, आणि तुमच्यामुळं मला त्यांना लगेच सांगता आलं की काही उडालं नाही, ती मोकळीच ओळ होती. सेव्ह करताना आता शेवटचे मोकळे ब्रेक आम्ही छाटूनच टाकतो.

आमच्या गुरुजींची गोष्ट तर मला लिहिलीच पाहिजे. रिटायर झालेले शिक्षक, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करतात, मराठीचा असा स्वच्छ हात मी दुसरा बघितला नाही. त्यांचं कंट्रोल-बी चालत नव्हतं. माझ्याकडं चालायचं, त्यांच्याकडं नाही, तेच विंडोज, तेच क्रोम. तुम्ही फोनवरच विचारलं, गुरुजींचा कीबोर्ड मराठीवर ठेवून बघितलं का. इनस्क्रिप्टमध्ये बी च्या जागी व असतो आणि आय च्या जागी ग. म्हणून ब्राउझर सांगतो की कंट्रोल आणि व दाबलं, आणि आम्ही टूलबारसाठी जो एक तयार प्लगिन घेतला होता तो बसलाय इंग्रजी बी ची वाट बघत. मराठी टाइप करणारा माणूस मराठी कीबोर्डवर असतानाच शॉर्टकट मरतात, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्यालाच नेमकं मिळत नाही, आणि तो बिचारा समजतो की आपल्यालाच कॉम्प्युटर जमत नाही. गुरुजी तसंच समजून बसले होते ताई, "जाऊ द्या, माउसनं करतो" म्हणायचे. प्रोझमिररचा स्वतःचा कीमॅप यातून मार्ग काढतो, आलेलं अक्षर इंग्रजी नसंल तर तो कीकोडवरून, म्हणजे कीच्या नंबरावरून, मूळ की कोणती होती ते शोधतो. म्हणून उपाय एकच, सगळे शॉर्टकट त्या प्लगिनमधून काढून कीमॅपमध्ये आणा. आणले. गुरुजींनी कंट्रोल-बी दाबून गायिकेचं नाव ठळक केलं आणि मला स्क्रीनचा फोटो पाठवला, तो मी तुम्हाला पाठवलाच आहे.

फोनेटिकवाल्यांचा त्रास अजून वेगळा होता. ते इंग्रजी अक्षरात "गंगाखेड" लिहितात, खाली शब्दांची यादी येते, एंटर दाबून शब्द पक्का करतात. गावाच्या नावाच्या रकान्यात एंटर दाबलं की पुढच्या रकान्यात जायची सोय होती, तर शब्द पक्का व्हायच्या आधीच उडी. इथं तुम्ही म्हणालात की तो एंटर आपला नाहीच, तो कीबोर्डचा आहे, त्याला हात लावू नका. की दाबल्याची जी खबर ब्राउझर देतो त्या इव्हेंटवर इजकम्पोझिंग, म्हणजे शब्द अजून बनतोय का, ते बघायचं, आणि सफारीत तेवढ्यानं भागत नाही म्हणून कीकोड 229 आहे का ते पण बघायचं, दोन्हीपैकी एक जरी असंल तर गप्प बसायचं. दोन ओळींचं काम. पण ज्या पोरी दिवसभर बसून गावांची नावं भरतात त्यांची किती चिडचिड गेली ते तुम्ही इथं असता तर बघितलं असतं.

शॉर्टकट निवडताना पण तुम्ही एक टोकलं ते बरं केलं. हेडिंगसाठी कंट्रोल-आल्ट-4 ठेवायचं ठरत होतं. इंग्लिश इंडिया लेआउटवर त्याच कीनं रुपयाचं चिन्ह ₹ येतं. "शेतात मजुरी ₹ इतकी" असं टिपणात लिहायला जावं आणि आख्खी ओळ हेडिंग व्हावी, कसं वाटंल.

सगळ्यात मोठं काम मात्र पेस्टचं. अर्ध्या ओव्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. साधा मजकूर पेस्ट केला की प्रोझमिरर मुळात एक किंवा जास्त ओळतोड दिसली की तिथं नवा परिच्छेद करतं, म्हणजे दोन ओव्या, मधे एक मोकळी ओळ, असं पाठवलं तर हातात येतात चार सुटे परिच्छेद आणि ती मोकळी ओळ पण गेलेली. कोणती ओळ कोणाची हे कळायला मार्गच राहत नाही. बाईला परत फोन करून विचारावं लागायचं. तुम्ही त्यासाठी क्लिपबोर्ड टेक्स्ट पार्सर, म्हणजे पेस्ट केलेला मजकूर वाचून त्याचे भाग पाडणारं फंक्शन, आमच्यासोबत बसून लिहिला, मोकळी ओळ दिसली तर नवी ओवी, एकटी ओळतोड दिसली तर हार्ड ब्रेक. आणि त्याच्या आधी विंडोजच्या फाइलीतलं कॅरेज रिटर्न हे ओळतोडीसोबत येणारं जास्तीचं चिन्ह काढायचं, कारण नोटपॅडच्या फाइलीत प्रत्येक ओळीला दोन दोन चिन्हं असू शकतात, तिथं लागोपाठ दोन साध्या ओळतोडी शोधत बसलं तर मोकळी ओळ कधी सापडतच नाही. उलट बाजूचं पण तुम्हीच सुचवलं, हार्ड ब्रेकला लीफ टेक्स्ट, म्हणजे साध्या मजकुरात त्याच्या जागी काय लिहायचं ते, म्हणून ओळतोड सांगून ठेवा, नाहीतर इथून कॉपी करून बाहेर नेली की ओवीच्या दोन्ही ओळी एकमेकीला चिकटतात. म्हणजे आत येताना पण ओवी शाबूत आणि बाहेर जाताना पण.

दंडाचं राहिलंच. उभी रेघ दाबली की । आणि दोनदा दाबली की ॥, हे अभंग टाइप करणाऱ्यांनी मागितलं होतं. पहिल्या रेघेचा आधीच दंड झालेला असतो म्हणून दुसऱ्या नियमानं दोन रेघा शोधायच्या नाहीत, दंड आणि त्याच्यापुढं रेघ असं शोधायचं, आणि हा नियम यादीत वर ठेवायचा. तुम्ही हे चहा पिता पिता सांगितलं असंल, पण अभंग टाइप करणारे काका तेव्हापासून तुमचं नाव काढल्याशिवाय बसत नाहीत.

ताई, तुम्हाला पैसे विचारले तर तुम्ही रागावलात, म्हणून ते परत काढत नाही. पण एक सांगतो, तुम्ही शिकवलं ते नुसतं आमचं अडलेलं सुटावं म्हणून नव्हतं. आख्खा कोड तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर लिहिता आला असता, तरी तुम्ही प्रत्येक वेळी कीबोर्ड माझ्याच हातात ठेवला, आणि मी विचारलेलाच प्रश्न परत विचारला तरी आवाज चढवला नाही. पुण्यात बसून नोकरी सांभाळून परभणीच्या माणसाला इतका वेळ कोण देतं. आता हा पार्सर आणि ओवीचा कीमॅप आम्ही मोकळा ठेवलाय, मराठवाड्यातल्याच काय, कुठल्याही पोरापोरीनं मागावा, देऊ, सोबत बसून समजावून पण देऊ.

सेलूकडच्या ओव्या आता सुरू करायलोत. पोवाडे टाइप करायचं पण चाललंय, त्यात एका ओळीत आत सरकवलेली पोटओळ येते, तिथं टॅब दाबलं की कर्सर सेव्हच्या बटणावर पळतो, त्याचं काय करावं ते तुम्हाला विचारायचं आहे. नांदेडला घरी येताना गाडी परभणीवरूनच येते, एखाद्या वेळी उतरा, गुरुजींना तुम्हाला भेटायचंय आणि आईनं धपाटे करायचं आधीच ठरवून ठेवलंय.

तुमचा,
परभणीचा भाऊ, आणि टाइप करणारे सगळे