हार्डडिस्कचा बोर्ड जळला म्हणून डिस्क भंगारात देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैशाखातला वळीव आणि नवरात्राच्या आगेमागे परतीचा पाऊस, कोकणात विजा कडाडतात त्या याच दोन वेळा. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानांत बंद पडलेल्या हार्डडिस्क येऊ लागतात. त्यांतल्या अनेकींना नुसते हातात घेऊन 'गेली' असा शेरा मिळतो. सोसायटीचे हिशेब, बागायतीच्या नोंदी, लग्नाचे फोटो त्या शेऱ्याबरोबर भंगारात जातात. डिस्कमधली माहिती आतल्या तबकड्यांवर असते. जळतो तो खालच्या बाजूला स्क्रूने बसवलेला सर्किटचा बोर्ड. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

वीज थेट घरावर पडायलाच हवी असेही नाही. खांबावर न्यूट्रलची तार तुटली की २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब घरात शिरू शकतो. जांभ्या दगडातला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठणठणीत असतो, त्यामुळे अर्थिंगचाही आधार राहत नाही. एसएमपीएस, म्हणजे संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा, जाताना कधी कधी डिस्कलाही घेऊन जातो. तिसरे कारण अगदी घरगुती आहे: बाहेरच्या डिस्कच्या १२ व्होल्टच्या जागी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावणे. पिन बसते, म्हणून लावला जातो.

आधी कान लावावा. वीज दिल्यावर डिस्क अजिबात फिरत नसेल, आवाज नसेल, तर बोर्डावर संशय घ्यायला जागा आहे. फिरून टक्-टक् करत असेल तर बहुधा हेड, म्हणजे तबकडीवरून माहिती वाचणारा भाग, गेले आहे, आणि बारीक पीं-पीं आवाज येत असेल तर हेड तबकडीला चिकटले आहे किंवा मोटर अडकली आहे. या दोन्हींत वीज ताबडतोब बंद करावी. पुन्हा पुन्हा लावून पाहण्यात तबकडीवर ओरखडे पडतात. वरचे झाकण तर कधीच उघडू नये. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना उपाय आपल्या दमट हवेत विशेष घातक, कारण बाहेर काढताच डिस्कला दव धरते.

न फिरणाऱ्या डिस्कला हात लावण्यापूर्वी वीजपुरवठा मोजावा. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. मग बोर्ड काढावा. साडेतीन इंची डिस्कला सहसा चांदणीच्या तोंडाचा टी-८, अडीच इंचीला टी-६ किंवा टी-५ पाना लागतो. बऱ्याच बोर्डांवर सुटे भाग आतल्या बाजूला असतात, त्यामुळे वरून काही दिसत नाही. विजेच्या कनेक्टरजवळ दोन काळे डायोड असतात: एक ५ व्होल्टच्या वाटेवर, एक १२ च्या. अडीच इंची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते, तिथे एकच पाहावा. हे टीव्हीएस डायोड जादा दाब आला की स्वतः शॉर्ट होऊन पुढचे वाचवतात. मल्टीमीटरने दोन्ही दिशांना शून्याजवळ ओहम दाखवला की डायोड शॉर्ट होऊन गेला असे समजावे. तो सोल्डर वितळवून काढला आणि त्या वाटेवरचा शॉर्ट गेला, तर डिस्क बहुतेक वेळा फिरू लागते. डायोड काढूनही शॉर्ट कायम असेल तर मोटर चालवणारी चिप गेली; तिच्यावर बारीक भोक किंवा करपलेला डाग दिसतो. डायोडशिवाय चालणारी डिस्क उघड्यावर आहे हे विसरू नये. खात्रीच्या पुरवठ्यावर, यूपीएस लावून, फक्त माहिती उतरवण्यापुरती ती चालवावी.

किनाऱ्यावर आणखी एक दोष नित्याचा. बोर्डाच्या आतल्या बाजूला हेड आणि मोटरसाठी टेकणारे धातूचे ठिपके असतात. खाऱ्या हवेने ते काळे पडतात आणि डिस्क कधी दिसते, कधी नाही. पेन्सिलच्या पांढऱ्या खोडरबराने ते हलके घासून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, पूर्ण सुकू द्यावेत. मालवण, देवगड, गुहागरकडच्या जुन्या डिस्कचे हे काम बोर्ड बदलण्याआधीच करून पाहावे. खर्च नाममात्र आहे.

मोटरची चिप गेली तर दुसरा बोर्ड लागतो, आणि खरी नासाडी इथे होते. तेच मॉडेल, तेवढीच क्षमता एवढे पाहून बोर्ड लावला जातो. जुळायला हवा तो बोर्डावर छापलेला क्रमांक: वेस्टर्न डिजिटलवर २०६० ने सुरू होणारा, सीगेटवर १०० ने. तोही जुळला तरी पुरत नाही. प्रत्येक डिस्कचे हेड कारखान्यात वेगवेगळे जुळवलेले असतात आणि त्या नोंदी बोर्डावरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये असतात. तिच्यावर बहुधा २५ ने सुरू होणारा क्रमांक असतो. ही चिप जळक्या बोर्डावरून हॉट एअरने काढून नव्या बोर्डावर चढवावी लागते. नाही चढवली तर डिस्क फिरते, पण ओळखली जात नाही, किंवा टक्-टक् सुरू होते आणि मग चांगल्या हेडवर आळ येतो. पहिल्या पायाची खूण असलेला ठिपका दोन्हीकडे तपासावा. उलटी बसवून वीज दिली तर चिप जळते आणि नोंदीही जातात. शहाणपण यात की चिप काढताच प्रोग्रामरवर (चिप वाचण्या-लिहिण्याच्या यंत्रावर) वाचून तिची फाइल जपून ठेवावी. त्याआधी चिप ३.३ व्होल्टची की १.८ ची ते पाहावे. काही वेस्टर्न डिजिटल बोर्डांवर रॉमची जागा रिकामी दिसते. तिथे नोंदी मुख्य कंट्रोलरच्या पोटात असतात. ते काम माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडेच द्यावे.

यूएसबी डिस्कमध्ये डबीतला, डिस्कला यूएसबीशी जोडणारा जोडबोर्डच गेलेला असू शकतो. डिस्क बाहेर काढून थेट संगणकातल्या साटा केबलला (आतल्या डिस्कसाठी असते ती) लावून पाहावी. मात्र काही कंपन्यांच्या पोर्टेबल डिस्कना यूएसबीचे भोक मुख्य बोर्डावरच असते आणि माहिती बोर्डावरची चिपच कुलूपबंद करते. अशा डिस्कवर साटाचा बोर्ड चढवला तर डिस्क चालते, वाचता मात्र काहीच येत नाही.

डिस्क उठली की फोल्डर उघडून फोटो पाहत बसू नये. विंडोज 'दुरुस्त करू का?' किंवा 'फॉरमॅट करू का?' विचारेल, दोन्हींना नाही म्हणावे. तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने सेक्टर-न्-सेक्टर नक्कल करावी, कुठवर नक्कल झाली त्याची मॅप फाइल ठेवावी म्हणजे मध्येच वीज गेली तरी पुढून सुरू करता येते. सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबीला पावणेतीन तासांच्या वर लागतात, यूएसबी २.० वर नऊ-दहा तास. शोधाशोध काय ती नकलेवर.

पुरात बुडालेल्या डिस्कचे नियम निराळे आहेत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरले तसे पुन्हा झाले, तर ती डिस्क उन्हात वाळवू नये, तांदळात पुरू नये, वीज तर देऊच नये. बहुतेक डिस्कना हवेचे बारीक भोक असते. त्यातून आत गेलेला गाळ सुकला की तबकडीला चिकटतो. ओलीच ठेवून, पिशवीत बंद करून मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवावी.

दुकानदारांना एकच विनंती. 'डिस्क गेली' लिहिण्याऐवजी पावतीवर फिरते की नाही, डायोड मोजला की नाही, बोर्ड बदलून पाहिला की नाही एवढे लिहावे. आणि जळका बोर्ड कचऱ्यात न टाकता डिस्कसोबत गिऱ्हाइकाला परत द्यावा. रॉम त्याच्यावर आहे.

आपले,
संगणक-दुरुस्तीतील काही वाचक, रत्नागिरी