आबांना वाऱ्याचं विचारणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पत्र मात्र चारचौघांत लिहितेय, कारण त्या दिवशी आमची मान खाली गेली तीही चारचौघांतच.

मागच्या फाल्गुनात, शिमगा चार दिवसांवर असताना माझ्या वडलांनी बांधावरचं वाळलेलं गवत पेटवलं. हे मी लपवत नाही आणि आता आबाही लपवत नाहीत. दरवर्षी पेटवायचे, त्यांचे वडीलही पेटवायचे. जाळलं की पुढच्या साली गवत दमदार येतं, हे आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. त्या दुपारी वारा उठला, आग बांध ओलांडून माळावर गेली आणि माळावरून डोंगराला लागली. सत्तरी ओलांडलेला माणूस एकटा ओलं गोणपाट घेऊन तिच्यामागं धावत होता. मी पोचले तेव्हा त्यांच्या धोतराचा सोगा जळालेला होता आणि ते बांधावर मटकन खाली बसले होते.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडं निघालं की ज्या डोंगररांगा दिसतात, त्यातल्याच एका डोंगराच्या पोटात आमची वाडी. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. सप्टेंबरात फुलं बघायला गाड्यांची रांग लागते. हेच डोंगर फेब्रुवारीपासून मेपर्यंत रात्रीचे लाल दिसतात, तेव्हा ह्या रस्त्याला कुणी फिरकत नाही.

चार वर्षांपूर्वीही असाच वणवा आला होता. तेव्हा आबांचा काही संबंध नव्हता, कुणी लावला ते आजवर कळलं नाही. मी स्वतः एका कचेरीत फोन लावला होता. पलीकडून पहिला प्रश्न आला, "गट नंबर सांगा." मी सांगितला. मग, "ती हद्द आमच्याकडं येत नाही." दुसऱ्या ठिकाणी लावला, तिथं फोन वाजत राहिला. तोवर देवराईच्या कडेची जांभळं, हिरडे, गेळ्याची झाडं खालून करपली. त्याच पावसाळ्यात शहरातून एक मंडळी आली. बॅनर धरून फोटो काढले, तीनशे खड्डे घेतले, रोपं लावली आणि गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी घालायला एक माणूस आला नाही. हा राग माझ्या मनात होता. म्हणून यंदा शेजारच्या पोराने "वणवे विझवणाऱ्या ताईंच्या ग्रुपला फोन लावतो" म्हटल्यावर मी त्याला म्हणाले होते, कशाला लावतोस, कोण येतंय. त्याबद्दल आधी माफी मागते.

तुम्ही पाऊण तासात आलात. दोन जीपगाड्या आणि पाच-सहा मोटरसायकली. तुम्ही पोस्टातल्या नोकरीवरून तशाच निघाला होता, पण साडी बदलून सुती सलवार-कुडता आणि पायात बूट घालायला विसरला नव्हता. एका पोराच्या अंगात नायलॉनचं जर्किन होतं, ते तुम्ही पहिल्यांदा काढायला लावलंत. ते कापड आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या वेळी बांधावर काय चाललं होतं ते तुम्ही पाहिलंत. वीस-पंचवीस माणसं जमली होती. डोंगर पेटलेला, आणि निम्मी माणसं आबांकडं बघत होती. कुणी मोबाइल धरून आबांचं शूटिंग घेत होतं. "म्हाताऱ्यानं सगळं गाव पेटवलं" असं एक जण मोठ्यानं म्हणाला, आणि त्याच्या घरी आबांनी दोन वेळा बियाणं उसनं दिलंय. आबा काही बोलत नव्हते. काड्यापेटी अजून मुठीत होती, ती टाकून द्यायचंही त्यांना सुचलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि मलासुद्धा त्यांचा राग आला होता. हेही खरं आहे.

तुम्ही गर्दीतून सरळ आबांपाशी आलात. सगळे उभे होते, तुम्ही उकिडव्या बसलात त्यांच्यासमोर. मला वाटलं आता ही बाई विचारणार, तुम्हीच लावलं का. तुम्ही म्हणालात, "आबा, हितलं वारं संध्याकाळी कुठनं फिरतं? तुमाला ठावं असंल."

एवढंच. ह्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहितेय.

आबांनी मान वर केली. आधी त्यांना वाटलं दुसऱ्या कुणाला विचारताय. मग ते डोंगराकडं बघत म्हणाले, "आत्ता वर चाललंय. दिवस टेकला की खिंडीतनं खाली येतंय. ओढ्याच्या अंगानं. धनगरवाड्यावर." तुम्ही परत विचारलंत, किती वाजता. ते म्हणाले, "तांबडं झालं की." आणि ते उठले, ताई. तासभर ज्या माणसाला मी उठवू शकले नव्हते, तो धोतराचा जळका सोगा खोचून तुमच्यापुढं चालायला लागला.

त्यानंतरचं सगळं मला सलग आठवत नाही. आग चढाला पळते म्हणून तिच्या डोक्यावर कुणी जायचं नाही, जळलेल्या बाजूनं आणि बगलेनंच झोडपायचं, असं तुम्ही ओरडून सांगत होता. निरगुडीच्या हिरव्या डहाळ्यांचा सपासप आवाज, घशात धूर, कुणीतरी हातावर ठेवलेला गुळाचा खडा. आठ माणसं तुम्ही ओढ्याकडं पाठवलीत, आबांना त्यांच्याबरोबर. त्यांनी धनगरवाड्याच्या वरच्या अंगाला गवत कापून, ओढून, जमीन उघडी केली. दोन माणसांच्या उंचीएवढी रुंद पट्टी असेल. आणि आकाश तांबडं झालं तसं खरंच वारं फिरलं. दिवसभर वर पळणारी आग कुणी हाक मारल्यासारखी खाली वळली. त्या पट्टीपाशी येऊन ती खालीच बसली. पट्टीच्या अलीकडं सात घरं आणि शेरडांचे वाडे होते.

रात्री नऊला तुम्ही बॅटरीच्या उजेडात माणसं मोजलीत. एकदा मोजून एक कमी भरलं, तेव्हा तुमचा चेहरा मी बघितला. परत मोजलंत. कमी पडलेले आबाच होते, ते ओढ्यात हातपाय धूत होते. "आबा आमच्यातच धरलेत मी," तुम्ही म्हणालात आणि वहीत त्यांचं नाव लिहिलंत. तुमच्या उजव्या तळव्यावरचा फोड फुटलेला होता, पेन धरता येत नव्हतं, तरी ते नाव तुम्हीच लिहिलंत.

पुढं पंचनामा, जबाब, जे व्हायचं ते झालं. आबा आपणहून गेले आणि मीच लावलं म्हणून सांगून आले. कुणी जायला लावलं नव्हतं. मला पक्कं वाटतं, त्या दिवशी तुम्ही आधी गुन्हा विचारला असता तर ते आयुष्यभर नाहीच म्हणत राहिले असते.

तुमच्याविषयी मी नंतर चौकशी केली, रागावू नका. आठ वर्षं तुम्ही हे चालवताय. मोबाइल रात्री कधी बंद नाही. पेट्रोल आपल्या पगारातलं. आता देहरादूनच्या वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहानं टिपलेल्या आगीचा इशारा मोबाइलवर येतो, ही मोठी सोय आहे. पण इशारा आल्यावर अंथरुणातून उठून पंधरा जणांना फोन कोण लावणार, कुणाच्या घरी लहान मूल आजारी आहे म्हणून त्याला नको म्हणायचं हे कोण लक्षात ठेवणार? डोंगरावर आवड म्हणून येणारी माणसं पुष्कळ मिळतात. आलेल्या प्रत्येकाला रात्री घरी पोचवायची जबाबदारी अंगावर घेणारं माणूस मिळत नाही. तुमच्या ग्रुपातलाच एक जण म्हणाला, दरवर्षी बैठकीत ताई विचारतात की यंदा दुसरं कुणी बघतंय का, आणि दरवर्षी सगळे खाली बघतात. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. पगार नाही, मानधन नाही, उलट बोलणी खायची. तरी जी माणसं पुढं होऊन "मी बघते" म्हणतात, त्यांच्यामुळं आमच्यासारख्या वाड्या उभ्या आहेत. चांगुलपणा पैसे टाकून मिळत नाही, कुठल्या अर्जावरही मिळत नाही. तो तुमच्यात आहे आणि तुम्ही तो अनोळखी म्हाताऱ्यावर खर्च केलात.

आबांचं सांगते. पाऊस सुरू झाल्यावर तुम्ही त्यांना जळलेल्या उतारावर घेऊन गेला होता. पहिल्याच वळवात वरची माती वाहून खाली ओढा गढूळ झालेला तुम्ही दाखवलात. गवत आलं होतं, पण निम्मं कुसळीच, आगीला न भिणारं. गुरं नाकानं बाजूला सारतात तसलं. आबा तिथं बराच वेळ बसले होते म्हणे. घरी आल्यावर मला म्हणाले, "आमचं चुकत आलं बघ." वडलांच्या तोंडून मी आयुष्यात हे पहिल्यांदा ऐकलं. आता ते पारावर बसून दुसऱ्यांना सांगतात. बांधावर लाव्याचं घरटं असतं, चंडोल जमिनीवरच अंडी घालतो, पेटवायच्या आधी जरा वाकून बघा म्हणतात. ज्यानं त्या दिवशी शूटिंग केलं, त्यालाही सांगतात.

त्यानं ते शूटिंग काढून टाकलंय, हे तुमच्या कानावर असावं.

पौष लागला की तुम्ही जाळरेषा, म्हणजे आग अडवायची मोकळी पट्टी, काढायला येणार, असा निरोप मिळाला. यंदा आमच्या वाडीतून अकरा जणांनी नावं दिलीत, धनगरवाड्यातून चार. जेवणाचं तुम्ही काही आणू नका. पिठलं-भाकरी आणि ठेचा आमच्याकडं. रविवारी फाट्यावर किती वाजता उभं राहायचं तेवढं कळवा, आणि विळे किती लागतील तेही. आबा परवापासून धार लावत बसलेत.

तुमची,
आबांची थोरली