आप्पा, तुम्ही ती वायर ओढलीत म्हणून

आदरणीय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

दुकानात आभार मानायला आले की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय कॉम्प्युटरचे जुने सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह खोलून लेझर काढणारी मी एकटी नाही. धुळे-जळगावकडचे आणखी काही विज्ञान शिक्षक हेच करत असतात, त्यांच्याही नजरेस हे पडावं.

शाळेतले कॉम्प्युटर निर्लेखित झाले तेव्हा नऊ ड्राइव्ह भंगारात चालले होते. मी ते मागून घेतले. मला एक लाल किरण हवा होता, दहावीच्या मुलांना प्रकाशाचं विवर्तन दाखवायला. ड्राइव्ह उघडला, त्यातला किरण सोडणारा बारीक भाग, म्हणजे लेझर डायोड, काढला, सर्किट जोडलं आणि अमळनेरला तुमच्या बाकावर घेऊन आले. पांढऱ्या कागदावर काळपट लाल, अगदी मंद ठिपका पडला. डायोड मरायला टेकलाय असं वाटून मी करंट वाढवला आणि नीट बघायला खाली वाकले. तेवढ्यात तुम्ही वायर ओढून काढलीत. "थांब पोरी, डोया जातीन!"

मग तुम्ही कागद लांब ठेवलात, मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्या ठिपक्याकडे धरलात आणि क्षणभर करंट दिलात. स्क्रीनवर पांढरा-जांभळा लोळच दिसला. तो सीडी रायटरचा ७८० नॅनोमीटरचा डायोड होता, म्हणजे इन्फ्रारेड. आपला डोळा त्यातलं जेमतेम काहीतरी पाहतो, म्हणून पापणी मिटत नाही. पण डोळ्यातलं भिंग तो किरण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एकवटायचं काम करतच राहतं. सीडी लिहिणारा डायोड शंभर मिलिवॉटच्या घरात जाऊ शकतो, आणि वर्गात वापरायचा पॉइंटर १ मिलिवॉटच्या आत असावा. मी त्याला मंद समजत होते. दुसऱ्या दिवशी तो मी तीस मुलांसमोर लावणार होते, हे आठवलं की अजून हात गार पडतात.

त्यानंतरचे सहा रविवार तुम्ही मला दिलेत. आधी ओळख, मग चाचणी, हा क्रम तुम्ही एकदाही मोडू दिला नाहीत. ड्राइव्हवरचं लेबल वाचायचं: नुसती सीडी असेल तर इन्फ्रारेड, डीव्हीडी असेल तर ६५० नॅनोमीटरचा लाल, पण सोबत सीडीसाठीचा इन्फ्रारेडही. पुष्कळदा दोन्ही एकाच डबीत, म्हणजे एकाच धातूच्या कवचात, असतात. इथेच मी फसत होते. तीन पाय दिसले की एक लेझर आणि एक फोटोडायोड (उजेड मोजणारा) असं मी धरून चालायचे. तुम्ही मल्टिमीटर डायोडच्या रेंजवर लावून दाखवलंत: फोटोडायोड ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास दाखवतो, लेझर त्याहून बराच वर. दोन्ही जोड्या वर दाखवत असतील तर ती जुळी डबी. मीटरचा करंट एखाद मिलिअँपच असतो, त्यात लेझर पेटत नाही, पण लालवाला अंधारात बारीक चमकतो. तेवढ्यावरून दोघांतला लाल कोणता ते कळतं.

काढताना अंगावरच्या स्थिर विजेने डायोड मरू नये म्हणून पायांना उघडी तांब्याची तार गुंडाळायची, तेही तुमच्याचकडून शिकले. पौषातल्या कोरड्या हवेत स्वेटर घालून मी दोन चांगले डायोड असेच घालवले होते, आणि मला वाटायचं ड्राइव्हच खराब होते.

एलएम३१७ वर, म्हणजे करंट ठरावीक ठेवायला लावतो त्या चिपवर, तुम्ही किती वेळ घालवलात! १.२५ भागिले रोधक एवढंच गणित: ४७ ओहमला सुमारे २७ मिलिअँप, ३३ ओहमला ३८. पण डायोड जोडण्याआधी त्याच्या जागी चार १एन४००७ (साधे डायोड) आणि १ ओहमचा रोधक ओळीने लावून करंट मोजायचा, हा तुमचा नियम मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय. मग डायोड जोडून करंट हळूहळू वाढवायचा. आधी नुसता एलईडीसारखा उजेड येतो, आणि एका ठिकाणी एकदम धार येते, ठिपक्यात बारीक दाणे चमकू लागतात. तो थ्रेशोल्ड, म्हणजे खरा लेझर सुरू होतो तेवढा करंट. तिथून जरासं पुढे जायचं आणि थांबायचं.

उन्हाळ्यात तुमचं आणखी एक बोलणं पटलं. जानेवारीत छान पेटणारा डायोड मे महिन्यात त्याच करंटला मलूल झाला. आपल्याकडची दुपार, वर पत्र्याची खोली. तापलेल्या डायोडचा थ्रेशोल्ड वर सरकतो. मी करंट वाढवायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, आधी पितळी ठोकळ्यात बसव आणि सकाळी ये. सकाळी तो नीट चालला.

आता वर्गातलं सांगते. डीव्हीडी फक्त वाचणाऱ्या ड्राइव्हचा लाल डायोड बाकावर पक्का बसवला, मुलांच्या डोळ्यांच्या खालच्या उंचीवर. पुठ्ठ्याच्या भोकातून किरण ५० सेंटीमीटरवरच्या सीडीवर सरळ सोडला. परतून आलेला बाजूचा ठिपका भोकापासून २२ सेंटीमीटरवर पडला. पोरांनी कर्ण काढला, भागाकार केला आणि फळ्यावर आलं: १.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सीडीवरच्या दोन ओळींमधलं अंतर, गावातल्या शाळेत, फूटपट्टीने मोजलेलं! डीव्हीडी लावली तर ठिपका पुठ्ठा सोडून पार भिंतीवर गेला, ९० सेंटीमीटरच्याही पुढे, कारण तिच्या ओळी ०.७४ मायक्रॉनवर असतात. एक मुलगी पट्टी घेऊन भिंतीकडे पळाली. तुम्ही तिथे असायला हवे होतात, आप्पा.

माझ्या सामानाच्या डबीत एक डायोड उरलाय. कुणीतरी दिलेल्या बंद गेम कन्सोलमधला. मीटरवर काहीच दाखवत नाही, म्हणून मी तो मेलेला समजले होते. मग तुमचं आठवलं की ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा जांभळा डायोड ४ व्होल्टच्या वर मागतो, आपल्या मीटरची तेवढी पोच नाही. त्याला हात लावलेला नाही. पायांना तार गुंडाळून ठेवलाय, आणि त्या रंगासाठीचा चष्मा मागवलाय. चष्मा आला की रविवारी येते. तोवर तो डबीतच राहील.

तुमची,
चोपडा तालुक्यातली विज्ञानाची बाई