पॉझिटिव्ह म्हणजे काय, हे चार रात्री कोणी सांगितलं नाही

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या खिडकीतून माझ्या हातात रिपोर्ट पडला. स्तनाचा कॅन्सर आहे हे आधीच कळलं होतं. डॉक्टर भेटणार होते मंगळवारी. रिपोर्टात इंग्रजीत होतं: ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर टू निगेटिव्ह. कोरोनापासून आमच्या घरात पॉझिटिव्ह म्हणजे वाईट. मी समजले, सगळीकडे पसरलाय. मुलीला लॉकरची चावी दाखवली, आमच्या ह्यांना गॅसचा नंबर लावायला शिकवलं. मंगळवारी डॉक्टर अर्ध्या मिनिटात म्हणाले, "अहो, हे चांगलंच आहे. हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील."

रिपोर्टखाली मराठीत दोन ओळी असत्या, तर चार रात्री मी निरवानिरव करत बसले नसते.

तिथे 'रुग्ण माहिती कक्ष' अशी पाटी आहे. तीनदा गेले, तिन्ही वेळा कुलूप. पेट स्कॅनला, म्हणजे कॅन्सर अंगात कुठे कुठे आहे ते बघणाऱ्या तपासणीला, उपाशी यायचं असतं, हे चहा-बिस्किटं खाऊन पोचल्यावर कळलं. तारीख आठवडाभर पुढे गेली. महात्मा फुले योजनेसाठी आज रेशनकार्ड, उद्या आधार, परवा आणखी काही, असे आमच्या ह्यांचे तीन खाडे झाले. सगळे कागद पहिल्याच दिवशी सांगता येत नाहीत का?

एक पुस्तिका मिळाली, मराठीत. बाकड्यावर शेजारी बीडच्या मावशी होत्या. त्यांनी ती दोनदा चाळली आणि मला विचारलं, "शेक कधी देणार, ते लिवलंय का गं यात?" लिहिलं होतं. शेक म्हणजे रेडिएशन, पण तिथे 'विकिरणोपचार' असं लिहिलं होतं.

साहेब, माझं मागणं एवढंच आहे. ही माहिती केबिनमध्ये बसून लिहू नका. छापण्याआधी बाकड्यावरच्या दहा जणांना वाचायला द्या, काय कळलं ते त्यांच्याच तोंडून ऐका, अडलं तिथे बदला आणि पुन्हा त्यांनाच दाखवा. हे शास्त्र शिकवणारं आयआयटीचं डिझाइन केंद्र १९६९ पासून पवईत आहे. त्यांना वॉर्डात आणा. आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक कागद द्या: कुठली तपासणी आधी, कुठली नंतर, उपाशी कधी, अडलं तर फोन कोणाला.

देशात वर्षाला चौदा लाखांवर माणसांना हे निदान ऐकावं लागतं. एवढ्या माणसांना काय कळत नाही, हे विचारायला कोणाला वेळ नसेल तर यंत्रणा म्हणायचं कशाला? स्टेशनवरचा इंडिकेटरसुद्धा सांगतो गाडी कुठली, किती वाजता, कुठे थांबणार नाही. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, मला आनंद झाला होता. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही मात्र मी इंग्रजीत लिहिलेलं न समजता केली. माझ्याच शरीराबद्दलचा कागद होता तो.

शुक्रवारी माझी पहिली किमो आहे. त्या दिवशी काही खाऊन यायचं की उपाशी, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आपली,
एक रुग्ण, कळवा